रेघ कुणी मारली?

एप्रिल २०२४. वस्तीतल्या बुद्धविहारात आम्ही पाच-सहा पोरं टेबल टाकून बसलो होतो. शिक्षण हक्क कायद्यातल्या पंचवीस टक्क्यांचे फॉर्म भरून द्यायला. एक लॅपटॉप, तीन मोबाईल, जातीच्या दाखल्यांच्या झेरॉक्सचा गठ्ठा आणि बाहेर आयाबायांची रांग. ज्यांनी हा फॉर्म भरलाय त्यांना माहीत आहे, त्यात एक नकाशा येतो. नकाशावर लाल फुगा. तो बोटानं सरकवत आपल्या घरावर नेऊन ठेवायचा. फुगा चुकला तर पुढं पडताळणीत प्रवेश गेला. फुगा टेकला की मशीन सांगतं, कुठली शाळा किती लांब. ते हवाई अंतर मोजतं. मधला नाला, रेल्वेचे रूळ, सोसायटीची भिंत त्याला दिसत नाही.

आमच्यातली एक ताई रांगेत होती. भिंतीपलीकडच्या टॉवरमध्ये तीन घरची धुणीभांडी करते. नातवाचा फॉर्म भरायचा होता. यादी उघडली. यादीत महापालिकेची शाळा होती. भिंतीपलीकडची, टॉवरच्या बुडाशी असलेली इंग्रजी शाळा नव्हती.

ती म्हणाली, "दादा, ती शाळा का न्हाई यात? मॅडमच्या पोराला मीच सोडते की रोज गेटापत्तर."

मी सांगितलं, "ताई, त्या शाळेपासून एक किलोमीटरच्या आत पालिकेची शाळा आहे. म्हणून ती यादीतून काढली."

"मंग ती लांब हाय का?"

"नाही. जवळच आहे."

"जवळ हाय म्हून न्हाई?"

च्यायला, काय उत्तर देणार? रांगेतल्या बाया हसल्या. मला हसू आलं नाही.

झालं होतं ते असं. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा. १ एप्रिल २०१० पासून लागू. त्यात दोन गोष्टी होत्या. पहिली, सरकारनं परिसरात शाळा द्यायची. पहिली ते पाचवीच्या पोराला एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीला तीन किलोमीटरच्या आत. दुसरी, कलम १२(१)(क): खासगी विनाअनुदानित शाळेनं पहिल्या वर्गातल्या किमान पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकातल्या मुलांना फुकट द्यायच्या. पैसे सरकार देणार. ९ फेब्रुवारी २०२४ ला महाराष्ट्र सरकारनं नियमात एक कलम घुसडलं. खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खासगी शाळेला पंचवीस टक्क्यांतून सूट. मुंबईत, पुण्यात, नागपुरात अशी किती खासगी शाळा सापडेल की जिच्या किलोमीटरभरात पालिकेची किंवा अनुदानित शाळा नाही? म्हणजे कायदा भिंतीवर टांगलेला आणि दार बंद.

पोराच्या पायाला शाळा जवळ पडावी म्हणून कायद्यानं जो किलोमीटर मोजला होता, त्याच किलोमीटरची पट्टी घेऊन पोराला बाहेर काढलं. एक वीट हलवली नाही, एक शाळा बांधली नाही. नुसती रेघ सरकवली.

दोस्तहो, हे रेघ सरकवणं आपल्याला नवं नाही. गावाला वेस असते आणि आपण वेशीबाहेर. ती रेघ कुठल्या तलाठ्यानं काढली, विचारा. कुणीच नाही म्हणतील. परंपरेनं आहे म्हणतील. १८५६ साली धारवाडच्या एका महार पोरानं सरकारी शाळेत घ्या म्हणून मुंबई सरकारकडे अर्ज केला. गोरं सरकार म्हणालं, न्याय तुझ्या बाजूनं आहे, पण तुला घेतलं तर बाकीचे पालक आपली पोरं काढतील. अर्ज फेटाळला. दोन वर्षांनी, १८५८ ला, कंपनीच्या संचालकांनी विलायतेतून लिहिलं की सरकारी शाळा सर्वांना खुल्या आहेत. कागदावर खुल्या झाल्या. त्यानंतर कितीतरी वर्षांनी साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर नावाचा पोरगा घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसत होता आणि शिपाई नसेल तर तहानलेला राहत होता. शाळेचा उंबरा ओलांडला तरी आत आणखी एक रेघ होती.

तेव्हापासून प्रत्येक वेळी सरकार ज्याचं नाव पुढं करतं तो माणूस एकच. 'बाकीचे पालक'. या बाकीच्या पालकाची आज मला जरा झडती घ्यायची आहे. त्यासाठी थोडं लांब जाऊ. ज्यांच्या पँथरवरून १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी आपल्या पँथरचं नाव घेतलं, त्यांच्या मुलखात.

अमेरिकेत सरकारी शाळा पत्त्यावर मिळते. शहराचे तुकडे पाडतात, प्रत्येक तुकड्याला एक शाळा. तुकड्याची रेघ कमिटी आखते. टोपेका शहरातल्या लिंडा ब्राऊन या काळ्या पोरीला गोऱ्यांची शाळा घरापासून जवळ होती, काळ्यांची लांब. बापानं जवळच्या शाळेत नेलं, शाळेनं घेतलं नाही. त्या आणि तशा खटल्यांवर १७ मे १९५४ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की वेगळ्या शाळा म्हणजे असमान शाळा. नीट बघा, त्या वेळी जवळची शाळा मागत होता तो काळा बाप. तेव्हा एकाही गोऱ्या पालकाला परिसराच्या शाळेचा पुळका नव्हता.

आता बॉस्टन. उत्तरेतलं शहर, पुढारलेलं, गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीचं माहेरघर म्हणवणारं. तिथं काळ्यांना बंदी करणारा कायदा नव्हता. फक्त शाळा वेगळ्या होत्या. रुथ बॅटसनसारख्या बायका १९६३ पासून स्कूल कमिटीपुढं जाऊन सांगत होत्या की आमच्या शाळा पडक्या आहेत, पुस्तकं जुनी आहेत. कमिटी म्हणायची, आम्ही भेदभाव करत नाही, लोक जिथं राहतात तिथल्या शाळेत जातात. १९६५ ला एलन जॅक्सन आणि इतर काळ्या पालकांनी स्वतः वर्गणी काढून बस केल्या आणि आपली शेकडो पोरं गोऱ्या वस्तीतल्या रिकाम्या बाकांवर नेऊन बसवली. त्या वेळी बसला कुणी दगड मारले नाहीत, कारण खर्च आणि खस्ता दोन्ही काळ्यांच्या होत्या.

शेवटी पालक कोर्टात गेले. २१ जून १९७४ ला न्यायाधीश आर्थर गॅरिटी यांनी निकाल दिला. काय आढळलं त्यांना? कमिटीनं वर्षानुवर्षं रेघा जाणूनबुजून अशा मारल्या होत्या की काळे इकडं आणि गोरे तिकडं राहावेत. गोऱ्यांची शाळा खच्चून भरली तरी शेजारच्या काळ्यांच्या शाळेतल्या रिकाम्या जागेत गोरी पोरं पाठवायची नाहीत. म्हणजे ज्याला हे लोक 'आमच्या परिसराची शाळा' म्हणत होते तो परिसर देवानं बनवला नव्हता. तो कमिटीच्या टेबलावर बनला होता आणि त्या कमिटीत एकही काळा सभासद नव्हता.

कोर्टानं रेघा बदलल्या. १२ सप्टेंबर १९७४ ला शाळा उघडल्या. काळ्या रॉक्सबरीतली पोरं बसनं साउथ बॉस्टनच्या हायस्कूलला गेली. बाहेर पालक उभे होते. आया, बाप, आजोबा. पोरांच्या बसवर दगड पडले, काचा फुटल्या, शिव्या पडल्या. लुईस डे हिक्स नावाची पुढारी बाई या पालकांची संघटना चालवत होती आणि म्हणत होती, आमचा काळ्यांना विरोध नाही, आमचा बसला विरोध आहे. दीड वर्षानं, ५ एप्रिल १९७६ ला, सिटी हॉलसमोरच्या चौकात टेड लँड्समार्क या काळ्या वकिलावर एका गोऱ्या पोरानं राष्ट्रध्वजाची काठी उगारली. स्टॅनली फोरमननं काढलेला तो फोटो जगभर गेला. तो वकील बसमध्ये बसला नव्हता. शाळेतही चालला नव्हता. एका बैठकीला चालला होता. विरोध बसला होता म्हणतात ना!

पण मी इथंच थांबलो तर अर्धं सांगितल्यासारखं होईल. साउथ बॉस्टनचे ते गोरे कोण होते? गोदीत, कारखान्यात राबणारे, गरीब आयरिश. त्यांची शाळाही काही धड नव्हती. कोर्टानं शहरातल्या गरीब काळ्यांना आणि गरीब गोऱ्यांना एकमेकांच्या पडक्या शाळांत पाठवलं. श्रीमंत गोरे राहत होते शहराबाहेर, उपनगरांत. त्यांच्या शाळांना हातच लागला नाही. खुद्द न्यायाधीश उपनगरात राहत होते. आणि बॉस्टनचा निकाल लागून पाच आठवडे झाले नसतील, २५ जुलै १९७४ ला, डेट्रॉइटच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की शहराच्या हद्दीबाहेरच्या उपनगरांना यात ओढायचं नाही. झालं. ज्याच्या खिशात पैसा तो रेघ ओलांडून उपनगरात गेला. उरले ते गरीब, एकमेकांची डोकी फोडायला. बॉस्टनचा हा धडा आपण विसरता कामा नये. रेघ बदलताना वरच्यांना बाहेर ठेवलं तर खालचे दोघं भांडतात आणि वरचा दोघांना जातीयवादी म्हणतो.

तुम्ही म्हणाल, पन्नास वर्षांची जुनी गोष्ट. तर २०१५ ची घ्या. न्यूयॉर्क, ब्रुकलिन. पी.एस. ८ नावाची शाळा, बहुतेक गोरी, सुखवस्तू, इतकी भरलेली की जागा नाही. एका मैलाच्या आत पी.एस. ३०७, सरकारी घरकुलांच्या पोरांची, बहुतेक काळी आणि लॅटिनो, बाक रिकामे. शिक्षण खात्यानं ठरवलं, रेघ सरकवू, नव्या महागड्या इमारतींमधली पोरं ३०७ ला जातील. लगेच सभा भरल्या. आता तिथं कुणी दगड मारत नाही. सुशिक्षित पालक. ते गुणांचे तक्ते आणतात. सुरक्षिततेचं विचारतात. इतकी घाई कशाला म्हणतात. विविधता आम्हालाही हवी, पण माझ्या पोरावर प्रयोग नको म्हणतात. साउथ बॉस्टनच्या बाईनं जे शिवी देऊन सांगितलं तेच हे इस्त्री करून सांगत होते.

आणि ३०७ च्या काळ्या पालकांनीही शंका काढल्या. ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. ते म्हणत होते, ही शाळा आम्ही उभी केली. आता हे येतील, पालक संघ ताब्यात घेतील, आणि थोड्या वर्षांनी आमच्याच पोरांना इथं जागा उरणार नाही. जानेवारी २०१६ मध्ये नवी रेघ मंजूर झाली. निकोल हॅना-जोन्स या काळ्या पत्रकार बाईची मुलगी याच ३०७ मध्ये होती. तिनं नंतर जाहीर लिहिलं की लेकीला या शाळेत घालताना घरात नवरा-बायकोत किती वाद झाला. काळे, शिकलेले, कमावते आईबाप. त्यांनाही प्रश्न पडला: आपण वर आलो ते काय पोराला पुन्हा याच शाळेत घालायला?

हा प्रश्न माझ्या घरातला आहे, दोस्तहो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरातला आहे. त्याकडं येतो. आधी ताईचं पुरं करू.

फेब्रुवारीच्या नियमाविरुद्ध पालक आणि संघटना हायकोर्टात गेल्या. ६ मे २०२४ ला मुंबई हायकोर्टानं स्थगिती दिली. फॉर्म पुन्हा भरायला लागले. पुन्हा टेबल, पुन्हा लाल फुगा. या वेळी भिंतीपलीकडची शाळा यादीत आली. १९ जुलैला हायकोर्टानं तो नियमच रद्द केला. मूळ कायद्यानं दिलेलं सरकारला नियमानं काढून घेता येत नाही, घटनेत बसत नाही. ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानंही त्यात हात घालायला नकार दिला. ताईच्या नातवाचा नंबर लागला. यादी लागली जुलैत. शाळा भरली होती जूनमध्ये. वर्ग सुरू झाल्यावर पोरगं गेलं, सगळ्यांच्या नजरा घेऊन.

मग टॉवरमधल्या पालकांचं सुरू झालं. ताई त्यांच्याच घरात भांडी घासत होती, त्यामुळं तिला सगळं ऐकू येत होतं. "आम्ही लाखांनी फी भरायची आणि हे फुकट." "मुलं घाणेरडे शब्द शिकून येतील." "लेव्हल जुळत नाही, त्या मुलांनाच त्रास होईल बिचाऱ्यांना." यातलं शेवटचं वाक्य मी खास लक्षात ठेवलंय. आपल्या भल्यासाठी आपल्याला बाहेर ठेवतात हे! शाळावाले म्हणतात, सरकारनं आमचे कोट्यवधी थकवलेत. ते खरं आहे, सरकारनं थकवलेत. मग सरकारची कॉलर धरा. पोराची वही का धरता?

ताईच्या मॅडमनं तिला एवढंच विचारलं, "आता आमच्या मुलाला सोडायला कोण जाणार?" ताई म्हणाली, "मीच जाईन की. दोघं एकाच वर्गात हायती." दुसऱ्या महिन्यात मॅडमनं दुसरी बाई ठेवली.

हे सांगायला ताई विहारात आली होती. मी तावातावानं बोलायला लागलो. जात, वर्ग, सवर्ण, प्रस्थापित, सगळं. ती ऐकत होती. मग सहज म्हणाली, "दादा, तुमची पोरगी कुठं जाते वं?"

माझी पोरगी जाते इंग्रजी शाळेत. फी भरून. रिक्षानं. मी शिकलो पालिकेच्या शाळेत, नाल्याच्या कडेच्या. तीच शाळा, जी जवळ आहे म्हणून सरकारनं खासगी शाळांना सूट दिली होती. त्या शाळेतल्या गुरुजींनी माझ्याकडून बाराखडी गिरवून घेतली, त्या शाळेनं मला वही दिली, दूध दिलं. आणि नोकरी लागल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर तिच्यापासून लांब पळालो. आज त्या शाळेचा पट घसरलाय, वर्ग जोडले गेलेत. तिथं उरलीत ती पोरं ज्यांच्या आईबापाला पळायला रिक्षाचे पैसे नाहीत.

मी ताईला सांगितलं, इंग्रजी शाळेत. ती "बरं हाय" म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. म्हणूनच जास्त लागलं.

मी इथं छाती बडवून पश्चात्ताप करणार नाही. पोरीला उद्या तिथून काढून पालिकेत घालीन अशी शपथही घेणार नाही, कारण एकट्या पोरीला हुतात्मा करून शाळा सुधारत नाही. पण खोटंही बोलणार नाही. टॉवरवाला पळतो तेव्हा आपण त्याला सवर्ण म्हणतो. आपण पळतो तेव्हा प्रगती म्हणतो. आपल्या पळण्यात आणि त्याच्या पळण्यात फरक आहे, जरूर आहे. तो आपल्यापासून पळतो, आपण दारिद्र्यापासून पळतो. पण मागं राहिलेल्या पोराला दोन्ही पाठी सारख्याच दिसतात.

म्हणून माझं म्हणणं असं. पंचवीस टक्के हा आपला हक्क आहे, भीक नाही. तो काढायला जो येईल त्याच्याशी कोर्टात आणि रस्त्यावर भांडायचं. २०२४ ला तो वाचला तो कुणाच्या दयेनं वाचला नाही. पण पंचवीस टक्के म्हणजे सोडत. सोडतीत एकाचा नंबर लागतो, बाकीचे रांगेत राहतात. रांगेतल्यांचं काय? कोठारी आयोगानं १९६६ लाच सांगून ठेवलंय की परिसरातल्या सगळ्या पोरांना, साहेबाच्या आणि शिपायाच्या, एकच समान शाळा पाहिजे. कुठल्याही सरकारनं ते मनावर घेतलं नाही, कारण साहेबाचं पोर त्या शाळेत आलं असतं तर तिचं छप्पर गळकं राहिलं नसतं. काळी पोरं गोऱ्याशेजारी बसून हुशार होत नाहीत आणि आपली पोरं बामणाशेजारी बसून हुशार होत नाहीत. पण ज्या बाकावर वरच्यांचं पोर बसतं तिथं मास्तर वेळेवर येतो, नळाला पाणी येतं, प्रयोगशाळेला कुलूप नसतं. भांडण त्या मास्तराचं, त्या पाण्याचं आहे.

आता काय करायचं? घोषणा पुष्कळ झाल्या. कायद्याच्या कलम २१ नं प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती सक्तीची केली आहे. तीन चतुर्थांश सभासद पालक पाहिजेत. निम्म्या बाया पाहिजेत. वंचित घटकातल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा पाहिजे. आपल्या वस्तीतल्या किती जणांना माहीत आहे की आपल्या शाळेच्या समितीत कोण बसतं? मी चौकशी केली. ताईसारख्या चौघींची नावं कागदावर होती. चौघींनाही पत्ता नव्हता. सह्या घरी येऊन घेतल्या होत्या.

तर या महिन्यापासून आम्ही विहारात दर रविवारी बसतोय. फॉर्म भरायला नाही. पालिकेच्या शाळेच्या समितीतल्या बायांना घेऊन, शाळेचा आराखडा वाचायला. किती मास्तरांच्या जागा रिकाम्या, दुरुस्तीचा पैसा कुठं गेला, पट कमी दाखवून शाळा दुसऱ्या शाळेत जोडायचा घाट आहे का. जोडली तर आपल्या पोराची रेघ पुन्हा सरकणार आणि आपल्याला कळणार ते शाळेला कुलूप लागल्यावर. माझ्यासारखे जे पळाले त्यांनी निदान एक रविवार परत यावं. त्या शाळेनं आपल्याला वाचायला शिकवलंय. तिचे कागद वाचून देण्याएवढं देणं आपण लागतो.

पुढच्या वेळी नकाशावर कुणी रेघ मारायला बसेल तेव्हा 'बाकीचे पालक' म्हणून त्याच्या टेबलासमोर कुणीतरी उभं असेलच. ते नेहमी असतात. या वेळी आपल्या ताया तिथं आधी जाऊन बसलेल्या पाहिजेत.

येताय ना रविवारी? सकाळी दहाला. चहा आहे.

जयभीम.